ताईंची आवृत्ती कुठली

त्या रविवारी दुपारी राक्षसाने ताईंच्या डोक्यात गदा घातली. ताई मेल्या की नाही, यावर आमच्या दुकानाच्या मागच्या खोलीत वाद पेटला, आणि तो त्या दिवसापुरता विझेपर्यंत ताईंनी स्वतः उठून दोनदा सगळ्यांना चहा करून दिला. मेलेल्या बाईने चहा आणून दिला तरी या लोकांना काही वाटलं नाही. साखर कमी पडलीय, एवढं मात्र वकील म्हणाला.

ताई म्हणजे माझी थोरली नणंद. राक्षस म्हणजे चष्म्याच्या जुन्या डबीचं उभं केलेलं झाकण. आणि हा सगळा प्रकार ज्या पुलावर घडला, तो पूल म्हणजे दोन वह्यांवर आडवी टाकलेली लाकडी फूटपट्टी.

हा खेळ टेबलाभोवती बसून तोंडाने खेळायचा असतो. एक जण सूत्रधार. समोर गुहा आहे, पूल आहे, राक्षस आहे, हे तो सांगतो. बाकीच्यांनी एकेक पात्र घ्यायचं आणि आपण काय करतो ते सांगायचं. जमलं की फसलं ते वीस बाजूंचा फासा ठरवतो. थोडक्यात भातुकलीच, फक्त पळी-वाटीच्या जागी तलवारी, आणि खेळणाऱ्यांच्या डोक्यावर केस कमी.

आमचं चष्म्यांचं दुकान आहे. पुढच्या काउंटरवर मी असते. नाकाच्या गाद्या बदलते, बारीक स्क्रू बसवते, आणि दिवसभर येईल त्याला 'तुम्हाला हीच फ्रेम शोभते' असं मनापासून सांगते. मागच्या खोलीत काचा घासायचं यंत्र, एक नळ, ड्रॉवरच ड्रॉवर आणि भिंतीवर डोळे तपासायचा अक्षरांचा तक्ता. दर रविवारी दुकान बंद असलं की त्या खोलीत हे मंडळ बसतं. सूत्रधार आमचे हे. गणिताचे मास्तर हे खरोखरचे मास्तर. वकील हा मात्र वकील नाही, तो न्हाणीघराच्या फरशा विकतो. पण तो बोलायला लागला की समोरच्याला आपल्यावर दावा लागल्यासारखं वाटतं, म्हणून वकील. मग ताई, आणि जागा भरायला मी.

आता वाद समजायचा तर आवृत्त्या समजायला हव्यात. या खेळाच्या नियमांचं पुस्तक दर काही वर्षांनी नव्याने निघतं. नवी आवृत्ती आधीच्या चुका सुधारते आणि स्वतःच्या चार ताज्या चुका घालते. आणि प्रत्येक माणूस, स्वतः ज्या आवृत्तीत तरुण होता, तिलाच खरी मानतो.

पहिली आवृत्ती आमच्या यांची. लहानपणी पाय प्लास्टरमध्ये असताना हाती आलेली. तिच्यात लढाई म्हणजे रोखठोक काम. तू मारलंस, त्याने मारलं, जिवाचा आकडा शून्यावर आला की मेलास. मरणाला अख्ख्या पुस्तकात एक ओळ दिलीय, तीही पानाच्या तळाशी. लिहिणाऱ्याला बहुधा जेवायला उशीर होत होता.

दुसरी मास्तरांची. तिच्यात चिलखत जितकं भारी तितका त्याचा आकडा लहान, आणि फारच भारी असलं तर शून्याच्याही खाली. म्हणजे दर वाराला वजाबाकीतून वजाबाकी. मास्तरांचा जीव तिच्यावर जडलाय, कारण वर्गात त्यांच्या वजाबाकीला इतक्या उत्सुकतेने कुणी पाहत नाही. या आवृत्तीत शून्यावर मरण येत नाही. शून्याखाली गेलं की दर फेरीला थोडंथोडं रक्त जातं, आणि उणे दहाला खेळ आटोपतो.

तिसरी वकिलाची, आणि ती दुसऱ्या कुणाची असूच शकत नाही. प्रत्येक नियमाला अपवाद, अपवादाला अट, अटीला तळटीप. मानगूट पकडण्याच्या नियमाला दोन पानं आहेत. एकदा वकिलाने एका चोरट्याची मानगूट पकडायचं मनात आणलं. दुपार सरली, चहा झाला, दिवे लागले. तोवर त्या चोरट्याचं लग्न होऊन दोन पोरं झाली असती.

चौथी कुणाचीच नव्हती. चौथीला सगळे मिळून हसायचे. तिच्यात जरा वेळ बसलं की जखम बरी होते आणि रात्रभर झोपलं की हाडंसुद्धा सांधतात. शिवाय लांबून एखाद्या सोबत्याने 'ऊठ, तुला जमेल!' असं ओरडलं तरी पडलेला माणूस उठून बसतो. आमचे हे तिला दुधाच्या बाटलीची आवृत्ती म्हणायचे. तिचं पुस्तक डगमगत्या टेबलाच्या पायाखाली होतं.

इतर ठिकाणी लोक एक आवृत्ती ठरवतात आणि खेळतात. आमच्याकडे ते ठरेना. दोन-तीन रविवार तोंडं फुगवून झाल्यावर तोडगा निघाला की ज्याने त्याने आपापल्या आवृत्तीने लढायचं. त्या दिवशी सगळ्यांनी एकमेकांचे हात हातात घेतले. एवढा शहाणपणा आपल्याच्याने झाला याचं त्यांना कौतुक वाटत होतं. आणि तेव्हापासून बिचारा राक्षस एका फेरीत तीन-तीन कायदे पाळतो. मास्तरांना मारताना वजाबाकी करतो, वकिलाला मारताना तळटिपा वाचतो. माझं पात्र चोर. चोराला कसला कायदा? ज्या आवृत्तीत फायदा असेल ती मी सांगते. कुणी तपासत नाही, कारण माझी पाळी येईतो सगळे बिस्किटांवर तुटून पडलेले असतात.

साहजिकच एकेका लढाईला महिने लागतात. त्या पुलापाशी आम्ही गेल्या उन्हाळ्यात पोहोचलो होतो. पुलाच्या पलीकडे काय आहे ते कुणाला माहीत नव्हतं. खरं तर कुणी विचारायचंही सोडून दिलं होतं.

आणि या सगळ्या गोंधळात ताईंची आवृत्ती कुठली, हे कुणी कधी विचारलं नव्हतं. ताई आपल्या फासा टाकायच्या आणि 'लागला का रे?' म्हणायच्या. कुणीतरी 'लागला' म्हणायचं.

ताईंनी सगळी नोकरी इस्पितळाच्या क्ष-किरण खोलीत केली. श्वास घ्या, रोखा, सोडा. हे त्यांनी इतक्या लोकांना सांगितलंय की अजूनही जिना चढताना त्या स्वतःलाच सांगतात. जिना हेच दुखणं होतं. घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आणि गुडघ्यांनी कधीच हात टेकलेले.

गदेच्या आदल्या आठवड्यात ताई काउंटरवर आल्या, चष्मा काढून माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, "गादी बदल गं. आणि ऐक, मी लेकीकडे जातेय. कायमची."

माझ्या हातातला स्क्रू घरंगळला.

"कधी ठरलं?"

"माझं कुठे ठरलंय? त्यांचं ठरलंय. लेक चांगली आहे, जावई चांगला आहे, खोलीला खिडकी आहे. माझा पलंग विकूनसुद्धा झाला. घेणारा बघायला आला तेव्हा मी त्याच्यावर झोपले होते."

मी हसले. मग हसायला नको होतं असं वाटलं. मग त्याच हसल्या, म्हणून मी पुन्हा हसले.

"जाण्याचं काही नाही," ताई म्हणाल्या. "मला फक्त कंपाउंडर व्हायचं नाहीये."

कंपाउंडर आमच्यात पूर्वी खेळायचा. त्याचं पात्र जादूगार, म्हणजे औषधाच्या बाटलीचं पांढरं बूच. नोकरी लागून तो दूर गावी गेला तेव्हा प्रश्न आला की जादूगाराचं काय करायचं. मारावा, तर परत आला म्हणजे? सोडून द्यावा, तर माणुसकी काय म्हणेल? मग त्याला 'बेशुद्ध' ठरवून चष्मा पुसायच्या कापडाच्या पिशवीत घातलं आणि मास्तरांच्या पात्राच्या पाठीवर दिलं. तेव्हापासून तो पाठीवर आहे. सुरुवातीला त्याला जपलं. पुढे अंधाऱ्या खोलीत सापळा आहे का ते बघायला आधी त्याला आत टाकायला लागले. एकदा दार वाऱ्याने मिटू नये म्हणून त्याला उंबऱ्यात आडवा ठेवला आणि जेवायला उठले.

"सामान होऊन जातं माणसाचं," ताई म्हणाल्या. "लेकीकडे काय व्हायचं ते होवो. निदान इथे मला पिशवीत बसायचं नाही. तेव्हा या रविवारी मी मरणार आहे. पुलावर, समोरून, ऐटीत. मी राक्षसाला अडवून धरते, तुम्ही पलीकडे पळा. आणि कुणाला बोलू नकोस हं. आधी कळलं तर मला मरू देणार नाहीत."

तर असं ते ठरवून झालं होतं. रविवारी ताईंनी आपली सोंगटी, जुन्या फ्रेमची पितळी बिजागरी, फूटपट्टीच्या मधोमध नेऊन ठेवली आणि म्हणाल्या, "मी याला धरते. पळा तुम्ही."

"एकट्या?" मास्तर म्हणाले.

"नाहीतर काय, तुम्ही येताय का?"

मास्तर येत नव्हते. राक्षसाचा फासा पडला. वीस. इतका स्वच्छ वीस मी त्या टेबलावर पाहिलेला नाही. आकडेमोड झाली आणि ताईंचा जीव शून्याच्या खाली तीन गेला.

मी मनात म्हटलं, चला, छान झालं. आता आमचे हे आपली ती एक ओळ म्हणतील आणि संपलं. शून्य म्हणजे मेला, यावर त्यांनी आयुष्यात कुणाला सवलत दिलेली नाही. लग्नानंतर पहिल्याच रविवारी माझा पहिला चोर त्यांनी असाच मारला होता. मी आठवडाभर त्यांचा डबा अळणी केला, तरी जिवंत केला नाही.

यांनी बिजागरीकडे पाहिलं. चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग खाली वाकून टेबलाच्या पायाखालचं चौथीचं पुस्तक ओढून काढलं. टेबल डगमगलं, चहा सांडला.

"घाई नको," हे म्हणाले. "चौथीत काय दिलंय ते एकदा बघू या."

वकिलाच्या तोंडातलं बिस्किट तोंडातच राहिलं.

त्यानंतरचे रविवार कसे गेले ते सांगायचं तर लाज वाटते. मास्तर म्हणत होते, दुसरीप्रमाणे ताई फक्त बेशुद्ध आहेत. रक्त जातंय, पण उणे दहा अजून लांब आहे. शिवाय रक्त दर फेरीला जातं, आणि वाद चालू आहे तोवर फेरी थांबलेली आहे, म्हणजे रक्तही थांबलेलं आहे.

"म्हणजे तुम्ही भांडताय तोवर मी मरत नाही?" ताईंनी विचारलं.

"शास्त्रशुद्ध बोललात," मास्तर म्हणाले.

आमच्या यांनी त्या क्षणी मास्तरांकडे ज्या प्रेमाने पाहिलं, तसं माझ्याकडे कधी पाहिलं असेल तर मी तेव्हा काउंटरवर असेन.

वकिलाने तिसरी उघडली. "शिरस्त्राण घातलं होतं का? घातलंय असं तोंडाने सांगितलं होतं का? सांगितलं नसेल तर ते डोक्यावर धरायचं की पाठीवर?"

"अरे, मी समोर बसलेय. मला विचार की."

"ताई, साक्षीदाराने मध्ये बोलायचं नसतं."

आणि आमचे हे चौथीचा तो ओरडण्याचा नियम मोठ्याने वाचत होते. कुणी सोबत्याने योग्य वेळी धीर दिला, तर पडलेला योद्धा... ओळ संपली की पुन्हा पहिल्यापासून. दुधाच्या बाटलीची आवृत्ती!

"हाडं ओरडून जुळत असती ढब्बू," ताई म्हणाल्या, "तर सरकारने मला इतकी वर्षं पगार कशाला दिला असता? दारात एक मोठ्या आवाजाचा माणूस उभा केला असता."

ढब्बू हे यांचं घरातलं नाव, आणि ते फक्त ताईंच्या तोंडी आहे. मी एकदा वापरून पाहिलं होतं. जमत नाही.

मधल्या एका दिवशी मी त्यांना यंत्रापाशी गाठलं. हे कुणाच्या तरी जवळच्या नंबरची काच घासत होते.

"तुम्ही पहिलीवाले ना?"

"हो मग?"

"मग शून्य म्हणजे काय?"

"सूत्रधाराला न्याय सगळ्या बाजूंनी बघावा लागतो," हे म्हणाले आणि यंत्र सुरू केलं, म्हणजे पुढचं ऐकू येऊ नये. संध्याकाळी कळलं की त्यांनी डाव्या डोळ्याची काच उजव्याच्या मापाने कापली होती. असं त्यांच्या हातून होत नाही. काच टोपलीत टाकताना त्यांनी मान वर केली नाही, आणि मीही 'असू दे' म्हटलं नाही. मला राग आला होता. बहीण चाललीय तर माणसाने म्हणावं, ताई, जाऊ नकोस. नाहीतर म्हणावं, नीट जा. हा माणूस दोन्ही सोडून तिच्या डोक्याच्या कवटीवर चार आवृत्त्या पडताळून बघत होता.

मी ताईंना सांगितलं, "ते मुद्दाम लांबवताहेत."

"कळतंय की मला," ताई म्हणाल्या. "लहानपणीही असाच. झोपायचं नसलं की पाणी हवं असायचं. पाणी दिलं की शू. ते झालं की पुन्हा पाणी."

"मग तुम्ही तरी स्पष्ट बोला."

"काय बोलू? त्याला 'राहा' म्हणता येत नाही, मला 'जाते' म्हणता येत नाही. दोघं एका आईची ना. आता तिघं मिळून माझं डोकं फुटलंय का बघताहेत, बघू देत." मग जराशा थांबून, "पण पिशवीत नाही हं बसणार मी. ते झालं तर मात्र मला वाईट वाटेल."

शेवटचा रविवार आला. लेक दुपारनंतर गाडी घेऊन येणार होती. ताईंच्या दोन बॅगा आमच्या काउंटरला टेकून उभ्या होत्या. मंडळ मात्र मागच्या खोलीत लवकरच जमलं होतं, तिघांनी इस्त्रीचे शर्ट घातले होते, आणि बिस्किटं चक्क बशीत मांडली होती. हे बघूनच मी ओळखलं, काहीतरी शिजलंय.

वकील उभा राहिला, घसा साफ केला.

"ताई, बराच अभ्यास करून आम्ही एकमताने निकाल दिला आहे. या मंडळाच्या इतिहासात एकमत पहिल्यांदाच झालंय, तेव्हा त्याचा मान राखा. रक्तस्राव दुसरीप्रमाणे धरला, शिरस्त्राण तिसरीप्रमाणे धरलं आणि धीर देणं चौथीप्रमाणे. सारांश, तुम्ही जिवंत आहात."

मास्तरांनी टाळ्या वाजवल्या. आमचे हे टेबलाकडे बघत राहिले.

"बेशुद्ध आहात," वकील पुढे म्हणाला, "पण सुखरूप. आणि तुम्ही नसलात तरी काळजी करू नका. आम्ही आळीपाळीने तुम्हाला पाठीवर घेणार. त्यासाठी हे."

आणि त्याने खिशातून एक पिशवी काढली. महागड्या चष्म्याबरोबर येते ती मखमली, दोरीची. कंपाउंडरला कापडाची, ताईंना मखमलीची. माणसाने प्रेमाने किती दुष्टपणा करावा याला काही सुमार आहे की नाही!

ताईंनी पिशवी हातात घेतली. आत बोट घालून पाहिलं. दोरी ओढून तोंड बंद केलं, परत उघडलं. त्यांचा चेहरा मी एकदाच तसा पाहिला होता, पलंग विकल्याचं सांगितलं तेव्हा, हसण्याच्या आधी. पण या वेळी त्या हसल्या नाहीत.

"मला विचारलंत?" ताई म्हणाल्या.

"काय?" मास्तरांनी विचारलं.

"तुमच्याकडे पद्धत आहे ना, ज्याची त्याची आवृत्ती? तुमची दुसरी, याची तिसरी. माझी कुठली?"

मास्तरांनी वकिलाकडे पाहिलं, वकिलाने मास्तरांकडे पाहिलं, मग दोघांनी माझ्याकडे पाहिलं. मी बशीकडे पाहिलं. इतकी वर्षं एका टेबलावर काढून, आणि शेवटचे कित्येक रविवार त्याच एका प्रश्नाभोवती घिरट्या घालून, तो प्रश्न जिला विचारायचा तिला विचारायचं यांच्या डोक्यात आलं नव्हतं. आणि ती बाई त्यांना चहा देत होती.

"पहिली," ताई म्हणाल्या.

आमच्या यांनी मान वर केली.

"ताई, तू पहिली कुठे..."

"तुझा पाय मोडला तेव्हा फोटो कुणी काढला? मी. नवीनच लागले होते. प्लास्टरमध्ये पडून नुसता रडत होतास म्हणून पहिल्या पगारातून ते पुस्तक कुणी आणलं? वाचून कुणी दाखवलं? तुझ्यावर पहिला राक्षस कुणी सोडला रे ढब्बू?"

"तू," हे म्हणाले.

"तुझा लढवय्या पहिल्याच गुहेत मेला. उशीत तोंड खुपसून रडलास. ताई, एकदा परत, एकदाच परत. मी काय म्हटलं होतं?"

यंत्राचं बटण बंद होतं, नळ बंद होता. तरी हे बराच वेळ कशाच्या तरी आवाजाखाली बोलायची वाट बघत होते. काहीच आवाज झाला नाही.

"शून्य म्हणजे शून्य," हे म्हणाले.

"मग वाच."

"मला पाठ आहे."

"मला माहीत आहे तुला पाठ आहे. वाच."

त्यांनी ड्रॉवरमधून पहिलीचं पुस्तक काढलं. कव्हर कधीच गेलेलं, पाठीला चष्म्याच्या डबीचं रेक्झिन चिकटवलेलं. तळाची ओळ त्यांनी वाचली. एकच ओळ, पण मध्ये दोनदा थांबावं लागलं. मग हात पुढे करून पुलावरची उभी बिजागरी त्यांनी हळूच आडवी केली, झोपलेल्या मुलाचा हात पांघरुणात घालावा तशी.

"ताई मेली," हे म्हणाले.

"हुश्श," ताई म्हणाल्या.

वकिलाचे डोळे भरून आले होते, पण सवय वाईट. "मरताना शेवटचं काही बोलायचंय का? म्हणजे पहिलीत शेवटचे शब्द दिलेले नाहीत. तिसरीत आहेत, एक वाक्य."

"मग ते तेवढं तिसरीतलं घेते," ताई म्हणाल्या. "त्या कंपाउंडरला आता खाली ठेवा रे."

मास्तरांनी निमूटपणे कापडी पिशवीतून पांढरं बूच काढलं, फुंकर मारून त्यावरची धूळ उडवली आणि टेबलावर उभं केलं. कुठल्या नियमाने, ते कुणी विचारलं नाही. मखमली पिशवी ताईंनी माझ्याकडे सरकवली. "तुझे स्क्रू ठेव यात. नेहमी घरंगळतात."

"आता पळा," त्या बाकीच्यांना म्हणाल्या. "मी उगाच मेले का? राक्षस माझ्यात गुंतलाय तोवर पलीकडे पळा."

आम्ही आमच्या सोंगट्या फूटपट्टीवरून पलीकडे नेल्या. एकाच फेरीत. सव्वा वर्ष अडलेला पूल चहा निवायच्या आत ओलांडून झाला.

"बरं, पलीकडे काय आहे?" ताईंनी विचारलं.

आमच्या यांनी सवयीने एक ड्रॉवर उघडला, बंद केला. दुसरा उघडला. मला तेव्हा लख्ख कळलं की आत काही नाही. या माणसाने पुलापलीकडचं काही तयारच केलेलं नव्हतं. पलीकडे कुणी कधी पोहोचेल असं त्यालाही वाटलं नव्हतं.

"पलीकडे..." हे म्हणाले, "पलीकडे गवत आहे."

"केवढं?" वकिलाने लगेच तिसरी उघडली. "उंच असेल तर चालायचा वेग निम्मा."

"मिट ते," मास्तर म्हणाले. मास्तरांनी कधी कुणाला पुस्तक मिटायला सांगितलं असेल असं मला वाटत नाही.

"गुडघ्याएवढं आहे," हे म्हणाले. "पण तिथे चालताना कुणाचे गुडघे दुखत नाहीत."

"अरे मेल्या, आधी सांगायचंस! मग मी मेले कशाला?" ताई म्हणाल्या, आणि आम्ही सगळे असे हसलो की टेबल पुन्हा डगमगलं. चौथीचं पुस्तक वरच राहिलं होतं ना.

मग हे सांगत गेले. सुरुवातीला अडखळत, हे-ते असं काहीतरी. गवतातून एक पायवाट होती. पायवाटेला एक दुकान होतं, आत कुणी नव्हतं, पण काच पुसलेली होती. पुढे एक पक्षी उभा होता, माणसाच्या उंचीचा, आणि त्याला जवळचं दिसत नव्हतं. वकिलाने काही विचारलं नाही. मास्तर हनुवटीखाली हात घेऊन, पोरासारखे, ऐकत होते. फासा कुणी टाकला नाही. मेलेल्या ताई पाय समोरच्या स्टुलावर लांब करून बिस्किटं खात ऐकत होत्या आणि मधूनच विचारत होत्या, "मग?" हा असा खेळ असतो, हे मला इतक्या वर्षांत पहिल्यांदा कळलं.

बाहेर हॉर्न वाजला. ताईंनी हाताने 'थांब' असं केलं, भिंतीला, लेकीला दिसत नव्हतं तरी. पक्ष्याला चष्मा बसेपर्यंत त्या उठल्या नाहीत. मग उठल्या. भावाच्या डोक्यावर टपली मारली, आणि बऱ्याच वर्षांत पहिल्यांदाच त्याने डोकं बाजूला घेतलं नाही.

"नीट जा ताई," हे म्हणाले.

बाहेर लेक घाईत होती. तिने डिकी उघडली, बॅगा उचलल्या, मागच्या सीटवर उश्या लावून ठेवल्या होत्या. "आई, तू मागे बस. पाय लांब करता येतील. आणि ती पर्स दे इकडे, पडेल कुठेतरी."

"सामान मागे टाक," ताई म्हणाल्या. त्यांनी पुढचं दार स्वतः उघडलं. श्वास घेतला, रोखला, एकेक पाय आत घेतला, मग श्वास सोडला. "मी पुढे बसते. रस्ता सांगते तुला."

"तुला कुठे रस्ता माहीत आहे, आई?"

"नाही ना," ताई म्हणाल्या. "म्हणूनच पुढे बसते."